लायपोप्रोटीन-ए: मागून घ्यावी लागलेली तपासणी

नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) येत नाही, ती तपासणी वेगळी सांगावी लागते. आमच्या तालुक्याच्या लॅबमधल्या मुलीने चिठ्ठी दोनदा वाचली, आत विचारून आली. नमुना बाहेर पाठवावा लागणार, पण उपाशीपोटी यायची गरज नाही म्हणाली.

चिठ्ठी दिली होती अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जननी. अण्णांची पोटरी चालताना भरून यायची, थांबले की बरं. घरचे वात म्हणून तेल चोळत राहिले, तोवर अंगठा काळा पडला. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या होत्या. विडी नाही, शुगर नाही, तरी हे कसं? म्हणून सर्जन म्हणाले, मुलांनीही बघून घ्या.

माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, म्हणजे बोंब मारण्यासारखं काही नाही. लायपोप्रोटीन-ए मात्र ९२ मिलिग्रॅम! ५० च्या वर गेलं की जास्त धरतात. (काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथे हीच रेघ १२५ वर असते. घाबरण्याआधी एकक बघा.) हा कण एलडीएलसारखाच, त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं. तो किती बनायचा हे मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरचा एलपीए जनुक ठरवतो. तूप सोडा, पळा, आकडा फारसा हलत नाही. एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीनेही उतरत नाही. मी वैतागलोच. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तो नाही हलत ना, मग एलडीएल ७० च्या खाली आणू." रात्रीची रोसुव्हास्टॅटिन सुरू झाली.

मग पायाच्या धमन्यांची तपासणी. थोडा वेळ उताणं पडायचं, मग दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा बीपी. घोट्याला स्टेथोस्कोप नाही, गार जेल लावून पेनाएवढा डॉप्लर (रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारं यंत्र) धरतात. पट्टा फुगला की आवाज बंद. हवा सुटता सुटता पहिला 'हुश्श' ऐकू येतो, तो आकडा धरायचा आणि दंडाच्या आकड्याने भागायचा. ०.९ किंवा त्याखाली म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद. माझं उजवीकडे १.०८, डावीकडे १.०२. अण्णांचं ०.४ होतं. मधुमेही आत्याचं उलट १.४ च्या वर गेलं. धमन्या कडक झाल्या की पट्ट्याने दबत नाहीत, आकडा फुगतो. म्हणून तिच्या पायाच्या अंगठ्याचा बीपी वेगळा घेतला.

धाकटा भाऊ "मी रोज पळतो" म्हणून टाळतोय. लायपोप्रोटीन-ए बहुतेकांना आयुष्यात एकदाच करावी लागते, तेवढंही त्याला जड. गणपतीत गावी येतोय, लॅबवाल्याला घरीच बोलावणार आहे.