तापून बंद पडणारा लॅपटॉप मी घरीच उघडून साफ केला

आषाढातला शनिवार, रात्रीचे साडेदहा. आमच्या नाट्यमंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची ६४ पानं लावून झाली होती, छपाईसाठी पीडीएफ काढायचं तेवढं बाकी होतं. अर्ध्याहून जास्त काम झालं असेल, पंख्याचा आवाज चढत गेला आणि पडदा काळा. त्या आठवड्यातली ही चौथी वेळ. कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर हात टेकवेना.

मी गोव्यात माशेलला राहतो. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, नाटकांच्या जाहिराती, सगळी डीटीपीची कामं याच एका लॅपटॉपवर होतात. २०१८ मध्ये घेतलेला. त्याच्यावर घर चालतं, त्यामुळे तो बंद पडला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

मे महिन्यात तो पहिल्यांदा तापायला लागला तेव्हा मी उकाड्याला दोष दिला. पाऊस सुरू झाला तरी फरक पडेना, म्हणून खाली पंखे असलेला स्टँड आणला. तोही निरुपयोगी. मग एका दुकानात दाखवला. तिथल्या माणसाने लॅपटॉप न उघडताच ‘मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या’ असं सांगितलं. मला ते पटलं नाही. मदरबोर्ड गेलेलं यंत्र सकाळी दोन तास व्यवस्थित कसं चालेल?

घरी येऊन तापमान दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम टाकला. काहीच काम चालू नसताना ७१ अंश. पीडीएफ काढायला लावलं की ९८. त्याच वेळी प्रोसेसरचा वेग निम्म्याहून खाली येत होता. शंभर अंशांच्या आसपास पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. म्हणजे चिप शाबूत होती, उष्णता बाहेर जात नव्हती. मग बाजूच्या जाळीपाशी तळहात धरला. आत पंखा जोराने फिरतोय आणि बाहेर वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही! निदान खरं तर तिथेच झालं.

आमच्या शेजारचे काका वाजवायच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतात. एकादशीच्या भजनासाठी त्या दिवसांत त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, तीन-चार पेट्या उघडून ठेवलेल्या होत्या. मी लॅपटॉपचं रडगाणं सांगत होतो आणि ते एका पेटीतल्या मुक्या सुराखालून पातळ कागदाची पट्टी सरकवत होते. दोनदा पट्टी ओढली, भाता दाबला आणि सूर बोलला. ‘सूर मरूंक ना रे, धुल्ल बसल्या,’ ते म्हणाले. म्हणजे सूर मेलेला नाही, धूळ बसली आहे. त्यांच्याकडून मऊ केसांचा ब्रश आणि चिमटा मागून घेतला.

बाकीचं सामान जमवायला चार दिवस गेले. शून्य नंबरचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, चिपची उष्णता पुढे पोचवणाऱ्या थर्मल पेस्टची छोटी सिरिंज, कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानात बहुतेक ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात पाणी असतं, म्हणून ते नको. हँड सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यातले इतर पदार्थ मागे राहतात. सगळ्या फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. हे मात्र उघडण्याच्या आदल्या रात्रीच करा.

रविवारी सकाळी पदेर (पाववाला) येऊन गेल्यावर जेवणाचं टेबल मोकळं केलं. चार्जर काढला, लॅपटॉप पूर्ण बंद केला, नुसता स्लीपमध्ये ठेवला नाही. उलटा करून बॅटरीचा भाग फुगलेला नाही ना, हे हाताने चाचपून पाहिलं. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचं कव्हर फुगलं असेल तर पुढे जाऊच नका. फुगलेल्या बॅटरीला टोकदार हत्यार लागलं तर ती पेट घेऊ शकते.

खाली अकरा स्क्रू दिसत होते. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या झाकणावर लॅपटॉपची आकृती काढली आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवला. हे अत्यंत महत्त्वाचं. माझ्या लॅपटॉपमध्ये बिजागरीजवळचे स्क्रू लांब होते, पुढचे आखूड. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या भागाला भोक पडतं किंवा आतल्या सर्किटची एखादी रेघ तुटते. सगळे काढूनही कव्हर हलेना. जोर लावला तसा ‘कट्’ असा आवाज आला आणि एक प्लास्टिकची खाच मोडली. मग टॉर्च मारून पाहिलं तर मागच्या रबरी पायांखाली आणखी दोन स्क्रू होते. कव्हर अडलं की कुठेतरी स्क्रू राहिलेला असतो, हे मला एक खाच गमावून कळलं. नंतर जुन्या एटीएम कार्डाची कड फटीत सरकवत नेली आणि झाकण सहज सुटलं.

उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन काढण्याचं. वायर ओढायची नाही, पांढरा कनेक्टर दोन्ही कडांनी नखाने मागे सरकवायचा. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलासुरला करंट निघून जातो. पावसाळ्यातल्या दमट हवेत अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही, तरी आधी नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावून घेतला आणि सिंथेटिक शर्ट बदलून सुती घातला.

पंखा तीन स्क्रूंवर होता. त्याची बारीक वायर सोडवली, पंखा बाजूला उचलला आणि थांबूनच राहिलो. पंखा जिथून वारा फेकतो तिथे तांब्याच्या पातळ पात्यांची एक जाळी असते. तिच्या तोंडावर, आतल्या बाजूने, बोटभर रुंद पट्टी बसली होती, गोधडीतल्या जुन्या कापसासारखी घट्ट. करडा रंग, कडांना आमच्या रस्त्यांची तांबडी माती. चादरीचे धागे, केस आणि देव्हाऱ्यातल्या उदबत्तीची राखही त्यात असणार, कारण माझं टेबल देव्हाऱ्याच्या शेजारीच आहे. चिमट्याने एक टोक धरलं तर सगळी पट्टी सलग निघून आली. मी महिनाभर बाहेरून फुंकर मारत होतो, त्याने ती आतल्या आत सैल होऊन पुन्हा तिथेच बसत होती. बाहेरच्या जाळीतून तिचा एक धागाही दिसत नव्हता.

जाळीची पाती ब्रशने साफ केली. पंख्यावर फुगा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची. मोकळा पंखा वाऱ्याने भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होतं आणि फिरता फिरता तो उलट वीजही तयार करतो.

मग थर्मल पेस्ट. प्रोसेसरवरून तांब्याची चपटी नळी पंख्याकडे जाते. ती आतून पोकळ असते, त्यात थोडंसं पाणी किंवा तसलाच द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, पंख्याकडच्या थंड टोकाला तिचं पुन्हा पाणी होऊन ते परत येतं. पण चिपची उष्णता नळीपर्यंत पोचायला मध्ये पेस्ट लागते, नाहीतर फटीत हवा राहते. तांब्याच्या पट्टीवर स्क्रूशेजारी १ ते ४ असे आकडे कोरलेले होते. काढताना उलट क्रमाने, थोडे थोडे सैल करत काढले. आतली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. कॉफी गाळायच्या कागदाचे तुकडे अल्कोहोलमध्ये बुडवून पुसत राहिलो, चिपमध्ये स्वतःचं प्रतिबिंब दिसेपर्यंत. शेजारच्या छोट्या चिपांवर निळसर मऊ पट्ट्या होत्या, त्या होत्या तशा ठेवल्या. त्यांची जाडी ठरलेली असते, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही. प्रोसेसरवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि पट्टी सरळ वरून बसवून १, २, ३, ४ अशी हळूहळू आवळली.

सगळं जोडून चालू केलं. लॅपटॉप सुरू झाला, पण एकदम शांत. मला आधी आनंद झाला. मग तापमान पाहिलं: ५८, ६६, ७४. पंखा फिरतच नव्हता. ताबडतोब बंद केलं. तेरा स्क्रू परत काढले, बॅटरी पुन्हा सोडवली. पंख्याची वायर जोडायची राहिली होती. बॅटरीची पिन लावताना ती हातानेच बाजूला केली होती. आता पुठ्ठ्यावरच्या आकृतीत त्या जागी लाल पेनने गोल करून ठेवलाय.

दुसऱ्यांदा चालू केला तेव्हा रिकामा असताना ४७ अंश. पीडीएफ काढायला लावलं आणि जाळीपाशी तळहात धरून बसलो. गरम वारा जोराने हाताला लागत होता. तापमान ७९ वर जाऊन थांबलं आणि आधी अर्ध्यावर बंद पडणारं काम साडेपाच मिनिटांत पूर्ण झालं.

टेबल मी देव्हाऱ्यापासून हलवलं आहे. पेस्ट उरली ती सिरिंज टोपण लावून डब्यात ठेवली. पुठ्ठ्यावर तारीख घालून तो लॅपटॉपच्या बॅगेत सरकवला. ब्रश आणि चिमटा परत द्यायला गेलो तेव्हा काका शेवटची पेटी बंद करत होते. मी पिशवीतून ती करडी पट्टी काढून दाखवली. त्यांनी ती बोटांत धरून उजेडात पाहिली आणि घरात हाक मारून काकींनाही बोलावलं, हे बघा म्हणून.