डबलबारीच्या रात्री नकाशावर न दिसलेली माणसं

ऋषिपंचमीची संध्याकाळ. कणकवलीजवळच्या एका मंडपातून डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांनी आळीपाळीने रंगवायच्या भजनाच्या सामन्याचं, थेट प्रक्षेपण साडेसातला सुरू झालं, तेव्हा मी पुण्यातल्या ऑफिसात दोन स्क्रीनसमोर बसले होते. एका छोट्या मराठी व्हिडिओ ॲपमध्ये मी प्लेबॅकच्या मोजमापाचं काम करते. प्रेक्षकाच्या फोनमधला प्लेअर दर दहा सेकंदांनी आमच्याकडे एक बारीकशी नोंद धाडतो. चित्र चालू आहे की अडकलंय, कुठल्या दर्जाचं चाललंय, नेटचा वेग किती, एवढंच तिच्यात असतं. त्या नोंदींवरून मी डॅशबोर्ड बघत राहते आणि कुठे बिघडलं तर ओरडते.

त्या रात्री ओरडण्यासारखं काही दिसत नव्हतं. बफरिंग, म्हणजे चित्र अडकून राहणं, मागच्या गणपतीपेक्षा कमी होतं. सरासरी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जाणारा व्हिडिओचा डेटा, वर गेला होता. समोर पखवाज घुमत होता, बुवांनी पहिला गजर उचलला होता.

आठच्या सुमारास ग्राहक सेवेतली एक मुलगी वही घेऊन आली. "ताई, सगळे एकच सांगतायत. नुसतं गोल फिरतंय, बुवा दिसतच नाहीत." प्रत्येक फोनपुढे तिने गाव लिहून घेतलं होतं. साखरपा, लांजा, पाचल, राजापूर, वैभववाडी. गाव विचारा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती मूळची देवरुखची, नाव ऐकलं की वाट कुठून जाते हे तिला ठाऊक.

प्रेक्षक कुठून बघतायत ते दाखवणारा नकाशा मी उघडला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जवळजवळ रिकामे होते. मी म्हणाले, "तिकडून फारसं कुणी बघतच नाहीये." ती क्षणभर थांबली. "ताई, गणपतीत कोकणात डबलबारी कुणी बघत नाही, असं होईल का?"

नाही होणार. वर्षभर कुलूप असलेली घरं या दिवसांत उघडतात. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, एकेका वाडीत माणसं कित्येक पटींनी वाढतात आणि प्रत्येकाच्या हातात फोन असतो. टॉवर मात्र तोच. मग ही माणसं नकाशावर होती कुठे?

ती मुंबईत होती. आमचा नकाशा फोनच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकावरून, ठिकाण ठरवतो. पण मोबाइल नेटवर बसलेल्या माणसाचा हा पत्ता त्याच्या गावाचा नसतो. कंपनीचं नेट ज्या मोठ्या शहरातून बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलं असतं, बहुतेक वेळा त्या शहराचं नाव आमच्या यादीत उमटतं. पाचलच्या ओटीवर बसलेला माणूस माझ्या पडद्यावर मुंबईकर झाला होता. रजा न मिळाल्यामुळे मुंबईतच राहिलेले आणि घरच्या वायफायवर भजन ऐकणारे खरे मुंबईकर त्याच गठ्ठ्यात होते, आणि त्यांचं छान चाललं होतं. दोघांची सरासरी हिरवी दिसत होती.

हे कळल्यावरही बफरिंग कमी का, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर सापडलं तेव्हा हात गार पडले. बफरिंगचं प्रमाण काढताना आम्ही अडकलेला वेळ भागिले अडकलेला आणि चाललेला मिळून एकूण वेळ, असा हिशोब करतो. हा हिशोब पहिलं चित्र दिसल्यानंतर सुरू होतो. ज्याला पहिलं चित्रच दिसलं नाही, तो यात येतच नाही. चित्र दिसण्याआधी निघून गेलेल्यांचा आकडा वेगळा असतो. 'माणसाचं मन बदललं असेल' असं धरून आम्ही तो डॅशबोर्डच्या चौथ्या पानावर टाकला होता. व्हिडिओ सुरू व्हायला 2 सेकंदांहून जास्त लागले की लोक सोडून जायला लागतात आणि पुढे प्रत्येक सेकंदाला गळती वाढत जाते, हे कृष्णन आणि रमेश सीतारामन या संशोधकांनी 2012 मध्येच मोजून दाखवलं आहे. मी ते वाचलेलं होतं. तरीही तो आकडा चौथ्या पानावर होता. सगळ्यात जास्त त्रास झालेली माणसं गळून गेली होती, आणि ती गेल्यामुळेच आमचा आकडा सुधारला होता.

प्लेअरच्या नोंदींवर आता भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण नेट नसेल तर नोंदही पोचत नाही. म्हणून मी सीडीएनचे, म्हणजे आमचा व्हिडिओ लोकांपर्यंत पोचवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याचे, लॉग काढले. तिथे सर्व्हरने स्वतः लिहून ठेवलेलं असतं की कुठली फाइल मागितली आणि तिचे किती बाइट खरोखर गेले. मोबाइल नेटवरच्या ओळी वेगळ्या केल्या. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे सेगमेंटमध्ये, जातो. एकामागून एक सेगमेंट अर्धवट होते. फोनने तुकडा मागितला, थोडा उतरला, जोडणी तुटली. पुन्हा मागितला, पुन्हा तुटली.

आणि मागितलेला प्रत्येक तुकडा 480पी या दर्जाचा होता, कारण त्याच्या खालचं आमच्याकडे काही उरलंच नव्हतं. एकच प्रक्षेपण आम्ही वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवतो आणि प्लेअर नेट बघून पायरी निवडतो. दोन महिन्यांपूर्वी 240पी आणि 360पी या खालच्या दोन पायऱ्या आम्ही काढल्या होत्या. त्या फार कमी लोक वापरतात, चित्र धुरकट दिसतं, एन्कोडिंगचा, म्हणजे हे दर्जे तयार करण्याचा, खर्च वाचेल, असा तो प्रस्ताव होता. त्यावर माझं नाव होतं.

कागदावर गणित मांडलं. आमचा एक सेगमेंट 6 सेकंदांचा. 480पीला 900 केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) लागतात, म्हणजे एका तुकड्याचे 5,400 किलोबिट. गर्दीच्या टॉवरवर 300 केबीपीएस मिळत असतील तर तो उतरायला 18 सेकंद. सहा सेकंदांचं भजन अठरा सेकंदांत. हे कधीच चालणार नाही. जुन्या 240पीला 250 केबीपीएस पुरायचे, तोच तुकडा 5 सेकंदांत उतरला असता. धुरकट का होईना, बुवा दिसले असते.

मुख्य एन्कोडरला हात लावला असता तर चांगलं चाललेल्या सगळ्यांचंच प्रक्षेपण तुटलं असतं. म्हणून राखीव एन्कोडरवर दोन्ही पायऱ्या परत घातल्या आणि त्याखाली 64 केबीपीएसची फक्त आवाजाची तिसरी पायरी जोडली. भजनात चित्र गेलं तरी चालतं, टाळ आणि शब्द पोचले पाहिजेत. दोन फोनांवर वेग मुद्दाम आवळून चालवून पाहिलं आणि प्रक्षेपण राखीववर वळवलं. पायऱ्यांची यादी ज्या फाइलमध्ये असते ती सीडीएनच्या साठ्यातून पुसायला लावली, नाहीतर जुनीच यादी वाटली गेली असती. पण प्लेअर ही यादी सुरुवातीला एकदाच वाचतो. आधीपासून गोल फिरत बसलेल्यांना बाहेर पडून परत यावं लागणार होतं. ते ॲपमधून सांगण्याची सोय आमच्याकडे नव्हती.

मग त्या मुलीने वही उघडली आणि एकेका नंबरला फोन लावला. "काका, ॲप बंद करून परत उघडा. हो, पूर्ण बंद. आता बघा." मी शेजारी उभी होते. चौथ्या की पाचव्या फोनवर पलीकडून भजनाचा आवाज आला आणि तिने काही न बोलता रिसीव्हर माझ्या कानाला लावला. साडेनऊ वाजून गेले होते. अर्धी बारी त्यांची हुकली होती.

घरी जाऊन झोप लागली नाही, म्हणून पहाटे लॅपटॉप उघडला. आदल्या रात्रीचा आलेख बदलत होता. नोंद पाठवता आली नाही तर आमचं ॲप ती फोनमध्ये साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर, नेट मिळालं की पाठवतं. कोकणात लोक उठत होते, टॉवर मोकळे झाले होते. साडेसात ते साडेनऊच्या जागेवर चित्र न दिसता निघून गेलेल्यांची रेघ दर काही मिनिटांनी वर सरकत होती. सकाळच्या आरतीच्या वेळेपर्यंत ती बफरिंगच्या रेघेच्या कितीतरी वर गेली होती. ती पहिल्या पानावर आणून ठेवली आणि मग मी आंघोळीला गेले.