ओठांभोवतीच्या मुंग्या

थायरॉइडच्या गाठी वाढल्या म्हणून गेल्या वर्षी माझी अख्खी ग्रंथीच काढली. गळ्यावरचा व्रण, बसलेला आवाज, याची मनाची तयारी होती. कॅल्शियमचं कुणी सांगितलं असेल तर ते कानावरून गेलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांच्या टोकांना. हात अवघडला असेल म्हणून मी गप्पच. चहाचा कप धरायला गेले, तर अंगठा आपसूक तळहातात वळला आणि बोटं सरळ होईनात. सिस्टरनी कानापुढे गालावर टिचकी मारली, तसा ओठाचा कोपरा टचकन उडाला. "कॅल्शियम उतरलंय," त्या म्हणाल्या. रिपोर्ट आला ७.१; हवं होतं किमान ८.५. ईसीजी लावून शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी सावकाश दिलं. अंगातून गरम लाट गेली आणि थोड्या वेळाने बोटं सुटली.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये धक्का बसला की त्या काही दिवस, कधी काही महिने रुसतात.

घरी येताना कॅल्शियम कार्बोनेट आणि कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, मिळालं. चिठ्ठीवर ५००, पाकिटावर १२५० मिलिग्रॅम! मी केमिस्टशी हुज्जत घातली. त्याने शांतपणे सांगितलं, कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्केच, म्हणजे हिशेब बरोबर. सासूबाईंचं आपलं, "गोळ्या कशाला, दूध पी." पेलाभर दुधात जेमतेम ३०० मिलिग्रॅम, किती पेले पिणार?

खरा घोळ पुढेच झाला. डिस्चार्ज कार्डावर थायरॉक्सिन, म्हणजे काढलेल्या ग्रंथीच्या हार्मोनची गोळी, 'सकाळी' आणि कॅल्शियमही 'सकाळी'. मी दोन्ही एका घोटात गिळत होते. सहा आठवड्यांनी रक्तातला टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉक्सिन कमी पडत होतं. डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी विचारलं, "गोळ्या घेता कशा?" तेव्हा कळलं, कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून धरतं. दोघांत निदान चार तास हवेत. एवढं कार्डावर लिहायला किती शाई लागली असती?

मग थायरॉक्सिन पहाटे साडेपाचला नुसत्या पाण्यासोबत, आणि कॅल्शियम दुपारच्या-रात्रीच्या जेवणाबरोबर, कारण कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. बद्धकोष्ठ झालंच, त्यावर इसबगोल.

तिसऱ्या महिन्यात दर तपासणीगणिक कॅल्शियम कमी करत बंद केलं. पर्समध्ये दोन गोळ्या अजून आहेत. थंडीत बोटं बधिरली की आधी आरशासमोर जाऊन गालावर टिचकी मारून बघते.