सोलांखालचं बाक

गेल्या वर्षी मार्चमध्ये भाच्याच्या लग्नासाठी फोंड्याला ब्लाउज शिवायला टाकला. आमच्या टेलरने दंडाभोवती टेप गुंडाळली, वहीतलं माझं जुनं पान काढलं आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. २०१९ साली ११ इंच, आता साडेबारा. "बाही सैल ठेवतो हां, बाय," एवढंच म्हणाला. बाकीचं त्याच्या पेन्सिलीने सांगितलंच होतं.

गंमत म्हणजे काट्यावर वजन जेमतेम दोन किलोनी वाढलं होतं. जाड झाले होते असं नाही, अंग सैल पडलं होतं. चाळिशीनंतर आणि विशेषतः पाळी जायच्या सुमारास बाईचे स्नायू झिजत जातात, त्यांची जागा चरबी घेते, आणि काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मी रोज म्हार्दोळच्या म्हाळसेपासून मंगेशीपर्यंत चालून येते. तेवढ्याने पाय चालत राहतात, दंडाला काहीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या चालण्याबिलण्याबरोबर दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. मी अर्धाच अभ्यासक्रम करून पास होऊ पाहत होते.

मग सुरू झाली खरेदी.

पहिला आला पोटाला बांधायचा विजेचा पट्टा. तो नवऱ्याने आणला, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. बसल्या जागी पोट कमी होतं म्हणे. अमेरिकेत २००२ साली फेडरल ट्रेड कमिशनने असले पट्टे विकणाऱ्या तीन कंपन्यांवर खोट्या जाहिरातींबद्दल कारवाई केली होती, हे मी पट्टा घरात आल्यावर वाचलं. पोटाला गुदगुल्या केल्या म्हणून पोटाचीच चरबी जात नाही, आणि दंडाचे व्यायाम केले म्हणून दंडाचीही नाही. चरबी कुठून आधी जाणार ते शरीर ठरवतं. आपल्या हातात असतं ते आतला स्नायू भरणं.

दुसरं आलं लोखंडी बाक. पाठ वरखाली करता येणारं, खिट्टीवर सहा कोन मिळणारं, ऑनलाइन सवलतीत. सासूबाईंनी खोका बघून "हें कितें हाडलें गो?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. बाक सोप्यावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर ठेवलं, कारण आत जागा नाही. एप्रिलभर मी त्यावर इमानदारीने घाम गाळला. मे उजाडला आणि घरात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं आली.

सोलं कशी करतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पिकलेली भिरंडं फोडून गर काढायचा, सालं मीठ लावून उन्हात घालायची, मग सुटलेल्या रसात पुन्हा बुडवून पुन्हा उन्हात. असं किती तरी वेळा, सालं काळी होईपर्यंत. सोप्याच्या कडेला ऊन नेमकं माझ्या बाकावर पडत होतं. उंचीही बरोबर, मांजर पोचत नाही. मी पणजीहून बसने घरी पोचायची तेव्हा बाकावर सुपं मांडलेली असायची आणि सुपांतून जांभळा, खारट, आंबट रस थेंब थेंब करत बरोबर खिट्टीच्या भोकात जात असायचा.

जूनमध्ये भोकांभोवती केशरी पूड दिसायला लागली. जुलैत खिट्टी निघेना. नवऱ्याने हातोडी घेतली, तेव्हा तिचं टोकच तुटलं. बाक अजून आहे, एकाच कोनात. मी तेव्हा सासूबाईंवर चिडले होते. पण खरं सांगायचं तर सोलं नसती तरी ते बाक फार तर दोन पावसाळे टिकलं असतं. ज्या मुलखात पाऊस इंचांत मोजतात आणि शंभर इंच झाले की पेपरात बातमी येते, तिथे उघड्या सोप्यावर नुसत्या रंगाच्या हाताने झाकलेलं लोखंड ठेवणारी मीच. सवलत किती टक्के ते मी बघितलं होतं. नटबोल्ट कशाचे आहेत ते बघितलं नव्हतं.

तेव्हापासून कुठलंही साधन बघताना मी पहिला प्रश्न विचारते: हे जुलैत कुठे असेल?

या प्रश्नात ट्रेडमिल लगेच बाद झाली. तिला कोरडी खोली हवी, पट्ट्याखाली ठरावीक काळाने सिलिकॉनचं तेल हवं, आणि वीज हवी. आमच्याकडे पहिल्या गडगडाटाला वीज जाते आणि घरच्या इन्व्हर्टरचा तो घास नाही. शिवाय मोटरवर लिहिलेला मोठा अश्वशक्तीचा आकडा पुष्कळदा क्षणभराच्या कमाल जोराचा असतो. सतत चालताना मोटर किती देते तो आकडा वेगळा आणि लहान, तो मागून घ्यावा लागतो. आणि मला चालायला रस्ता आहे. जायांच्या माळा विकायला बसलेल्या बायकांशी दोन शब्द बोलायचे सोडून मी भिंतीकडे तोंड करून का चालू?

शेवटी फोंड्याच्या एका दुकानात जाऊन हातात धरून घेतलं. दुकानदाराने माझ्याकडे बघून आधी गुलाबी, एक एक किलोची डंबेल काढली. मी म्हटलं, अरे बाबा, बाजारातून मी पाच नारळ आणते ते यापेक्षा जड असतात. मग त्याने १६ किलोची केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला वजनाचा गोळा, काढला. (ती १६ची का, तर रशियात पूद नावाचं जुनं वजन होतं, साधारण १६.४ किलोचं, त्यावरून. हे कळून माझ्या मनगटाला काही दिलासा मिळाला नाही.)

वजन निवडायची माझी रीत आता अशी आहे. दुकानातच दहा-बारा वेळा उचलून बघायचं. शेवटच्या दोन वेळा तोंड वाकडं झालं पाहिजे, पण कंबर वाकडी होता कामा नये. बारा वेळा गप्पा मारत उचललं गेलं तर ते वजन नव्हे, पेपरवेट. आणि एका जोडीने भागत नाही, कारण दंडाला जे जड ते मांड्यांना काहीच नाही. मी तीन किलोची एक जोडी, पाचची एक जोडी आणि आठची एक केटलबेल घेतली. चकत्या बदलायचं डंबेल स्वस्त पडत होतं, पण त्याच्या दांड्यावरचे आटे आणि माझ्या खिट्टीची भोकं मला एकाच गोत्राची वाटली. घेतली ती सगळी वरून रबर किंवा प्लास्टिक चढवलेली. त्यातही शिवण दाबून बघायची. स्वस्तातल्यांच्या आत सिमेंट असतं, आणि शिवण उलली की फरशीवर पीठ सांडतं.

रबरी बँडही घेतले, पिवळा आणि लाल. खिळ्याला टांगता येतात, पावसाचं भय नाही, म्हणून मी त्यांच्यावर फार खूश होते. चवथीच्या आधी दर रविवारी अंगाला खोबरेल लावलेल्या हातांनीच लाल बँड ओढत बसायची सवय लागली. लॅटेक्सला तेल चालत नाही. बँड आधी चिकट झाला, मग मऊ, मग एके दिवशी फट्कन तुटून माझ्या हातावर लाल वळ उमटवून गेला. गणपतीला आलेल्या प्रत्येकाला त्या वळाची कथा सांगावी लागली. आताच्या बँडला मी अधूनमधून टाल्कम पावडर लावते, उन्हात टांगत नाही, आणि ओढण्याआधी ताणून बारीक चिरा बघते.

पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों ऐकू यायच्या आत वीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. बैठका केटलबेल छातीशी धरून, जमिनीवर पाठ टेकून डंबेल वर ढकलणं, वाकून एका हाताने डंबेल कमरेकडे ओढणं, बँड. संपलं. यंदा टेलरकडे गेले तर दंड सव्वाबारा भरला. त्याने वहीत लिहिलं आणि काही बोलला नाही. मला मात्र आरशात बाहीखालचा लोंबता भाग कमी दिसतो, आणि बसमधल्या वरच्या फळीवर पिशवी टाकताना दुसऱ्या कोणाला हाक मारावी लागत नाही.

या एप्रिलमध्ये सासूबाईंनी चेपणीची तोरं घातली. भरणीतल्या कैऱ्या मिठात दबून राहायला वर जड काहीतरी लागतं, आणि त्यांचा नेहमीचा दगड कुठे सापडेना. सकाळी बघते तर पाच किलोचं एक डंबेल धुऊन, पिशवीत गुंडाळून भरणीच्या ताटलीवर. परत कधी मिळणार विचारलं, तर म्हणाल्या, पावसात तोरं काढू तेव्हा. मी शिवण तपासून घेतली, मिठाचं पाणी आत जाणार नाही असं वाटलं, आणि गप्प बसले. तसंही ओढायचा व्यायाम एका हाताने करायचा असतो, त्याला एक पुरतं.

छातीच्या व्यायामाला सध्या तीनची जोडी.