कॉमेंटमधला कांदा

शेतमालाचे भाव दाखवणाऱ्या एका ॲपची देखभाल आमच्याकडे आली होती. बाजार समितीच्या संकेतस्थळावरचा तक्ता एक जुनी पायथन स्क्रिप्ट रोज वाचायची आणि आवक, किमान, कमाल, सरासरी हे आकडे ॲपवर चढवायची. एका सकाळी नाशिककडून शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमच्या ॲपवर उन्हाळ कांदा एकवीसशे दिसतोय. इथं पंधराशेच्या वर कोणी बोलत नाही."

संकेतस्थळावर सरासरी १४८० होती. स्क्रिप्ट चालवली, तर २१००. कॅशेत साठलेला जुना आकडा नाही, तारखेचा घोळ नाही. पानाचा सोर्स उघडला तेव्हा उलगडा झाला. तिथल्या कोणीतरी जुनी ओळ पुसण्याऐवजी वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये टाकून ठेवली होती. ब्राउझर कॉमेंट दाखवत नाही. स्क्रिप्टमध्ये मात्र रेजेक्स (रेग्युलर एक्स्प्रेशन, मजकुरात ठरावीक पॅटर्न शोधायचं सूत्र) होता: 'उन्हाळ कांदा' शोध, पुढच्या टीडी (तक्त्यातला एक रकाना) टॅगांमधलं उचल. रेजेक्सला अक्षरांची ठेवण कळते. ती अक्षरं कॉमेंटच्या आत आहेत की बाहेर, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पहिली सापडली ती ओळ त्याने घेतली.

सहकारी म्हणाला, "आधी कॉमेंटच उडवू, एका रेजेक्सने." उडवल्या. मग साठवलेल्या जुन्या पानांवर तेच चालवून पाहिलं. एका पानावर टॅगच्या आत लिहिलेल्या टायटल ॲट्रिब्यूटच्या अवतरणचिन्हांत 'पेक्षा मोठे' हे चिन्ह होतं. ते नियमात बसतं, पण आमच्या पॅटर्नला वाटलं टॅग तिथेच संपला. दुसरीकडे टीडीचा बंद टॅगच नव्हता. एचटीएमएलमध्ये तोही गाळता येतो. पॅटर्न पुढचा बंद टॅग मिळेपर्यंत धावला आणि किमान-कमाल एकाच रकान्यात कोंबले गेले. तिसऱ्या पानात तक्त्याच्या पोटात तक्ता! ठिगळ लावावं तिथे नवं भोक.

एकात एक टॅग मोजणं मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनच्या ताकदीबाहेरचं आहे. पीसीआरई या रेजेक्सच्या वाढीव प्रकारात रिकर्शन (पॅटर्नने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) असतं, असा वाद कोणी घालेलही. पण आमच्या दुखण्यात ते सर्वांत लहान होतं. मोडका, अर्धवट एचटीएमएल कसा वाचायचा हेसुद्धा एचटीएमएलच्या मानकात पायरीपायरीने लिहिलेलं आहे आणि ब्राउझर ते पाळतात. ते सगळं एका ओळीत बसवू पाहणं हा निव्वळ हट्ट.

दुपारनंतर रेजेक्स काढून ब्युटिफुल सूप ही एचटीएमएल वाचणारी पायथन लायब्ररी बसवली, खाली एलएक्सएमएल हा टॅगांची रचना उलगडणारा पार्सर. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून सिलेक्टर (पानातला हवा तो भाग गाठायचा पत्ता) कॉपी केला, तर हाती शून्य ओळी! त्या सिलेक्टरमध्ये टीबॉडी (तक्त्याच्या ओळी ज्याच्या आत असतात तो टॅग) होता. मूळ पानात तो नव्हताच, ब्राउझरने स्वतः घातलेला. एचटीएमएल५लिब हा दुसरा पार्सर तसाच घालतो, एलएक्सएमएल घालत नाही. टीबॉडी गाळला आणि १४८० आला.

रेजेक्स अजून आहे, पण रकान्यातल्या मजकुरातला 'रु.' आणि स्वल्पविराम काढण्यापुरता. शिवाय एक तपासणी घातली: ओळीत पाच रकाने भरले नाहीत, तर तो भाव ॲपवर चढत नाही, आम्हाला मेल येतो.