आज्जींच्या कार्डावर गेलेली बनगरवाडी

तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात देवघेव काउंटरला असते मी. एखादं चांगलं पुस्तक सांगा ना मॅडम, हे रोज कोणीतरी म्हणतंच. मी पटकन नाव सांगत नाही, आधी विचारते काम काय करता, वाचायला वेळ कधी मिळतो, शेवटचं मनापासून आवडलेलं काय.

परवा शनिवारी एक टेम्पोवाले दादा आले, मुलगा वर अभ्यासिकेत भरतीचा अभ्यास करत होता त्याला न्यायला. सगळे पेपर चाळून झाले तरी पोरगा काही खाली येईना, मग म्हणाले, "शाळा सोडल्यापास्नं पुस्तक धरलं नाय मॅडम, पण बसल्या बसल्या वाचण्याजोगं काय हाय का?" मी व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी काढून दिली. १९५५ सालची कादंबरी, पण भाषा इतकी साधी आणि स्वच्छ की कुठंच अडखळायला होत नाही, आणि माणदेशातली धनगरवाडी, तिथं नवीन आलेला कोवळा मास्तर, हे आमच्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तेवढ्यात पुस्तक परत करायला आलेल्या आमच्या नेहमीच्या आज्जी मधे पडल्या. "अगं त्याला स्मृतिचित्रे दे." मी म्हटलं आज्जी जाड आहे ते, पहिल्यांदाच वाचतायत. तर त्या काउंटरला टेकून दादांना सांगायलाच लागल्या, ही आत्मकथा लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांना सोवळ्याचं कसं वेड होतं, घरात आलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचे. "मीठ धुतल्यावर राहतंय काय हो आज्जी?" दादा खळखळून हसले, पेपर वाचणारे दोघं पण उठून जवळ आले आणि त्यातल्या एकाने एक होता कार्व्हरचं नाव लावून धरलं, अर्धा तास नुसता कल्ला, आणि मी एकालाही गप्प बसा म्हटलं नाही. वाचनालयात असा आवाज पाहिजेच.

या सगळ्या गोंधळात दादांनी मात्र मान खाली घालून बनगरवाडीची पानं उलटायला घेतली होती. पोरगा येऊन शेजारी उभा राहिला तरी उठेनात, ओठ हलवत एकेक ओळ वाचत होते. बंद करायची वेळ झाली तेव्हा विचारलं, "ह्यो मास्तर शेवटी ऱ्हातो का जातो?" मी आणि आज्जी एकदमच म्हणालो, सांगणार नाही!

सभासद व्हायला आधार कार्ड लागतं, ते दादांजवळ नव्हतं. आज्जींनी स्वतःचं वाचनालयाचं कार्ड पुढे केलं, "माझ्या नावावर लिही गं, आणि तू बाळा वाचून झाल्याशिवाय आणू नकोस." मी दाखल क्रमांक आज्जींच्या नावापुढे टाकला.

आता दादांसाठी पुढचं पुस्तक काढून ठेवायचंय. आज्जी अजून स्मृतिचित्रेवरच अडून आहेत, मला मात्र उद्धव शेळक्यांची धग द्यावीशी वाटते. वऱ्हाडी बोली थोडी जड जाईल कदाचित, पण त्यातल्या कौतिकचं घर चालवणं वाचून हा माणूस पुस्तक खाली ठेवणार नाही याची मला खात्री आहे.