अर्धमेला पाथ

रात्रीचा बॅकअप रंगात आला की पहिला नोड, म्हणजे पहिला सर्व्हर, रीबूट व्हायचा आणि डेटाबेस दुसऱ्यावर जायचा. पुढच्या मोठ्या बॅकअपला दुसराही तसाच पडायचा. चाकणच्या एका कारखान्यातलं हे दोन नोडचं पेसमेकर क्लस्टर: एक पडला की पेसमेकर हे सॉफ्टवेअर त्याचं काम दुसऱ्यावर नेतं. मागे फायबर चॅनलचं (स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क) सामाईक स्टोरेज, दोन फॅब्रिक (स्विचची स्वतंत्र जाळी), दोन कंट्रोलर, प्रत्येक लनला (स्टोरेजने दिलेल्या डिस्कला) चार पाथ, म्हणजे तिथवर जायचे चार रस्ते. दोन्ही नोड आलटून पालटून पडतायत म्हटल्यावर सर्व्हरची मेमरी नि प्रोसेसर तपासण्यात अर्थ नव्हता. दोघांना जे सामाईक आहे, तिथेच शोधायचं होतं.

स्टोरेजवाल्या इंजिनिअरने त्यांच्या चारही पोर्टचे एरर काउंटर दाखवले. सगळीकडे शून्य. ते शून्य खरं होतं, पण त्यावरून स्टोरेजची बाजू निर्दोष ठरत नाही. खराब फ्रेम (डेटाचं एक पाकीट) मोजतो तो घेणारा. पाठवणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. स्टोरेजकडून निघालेली फ्रेम वाटेत बिघडली, तर आकडा चढतो समोरच्या स्विचच्या पोर्टवर. त्यामुळे दोन्ही टोकांचे काउंटर शेजारी ठेवून वाचावे लागतात. एका टोकाचे वाचून निदान करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

लिनक्सवर हे पाथ सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे मल्टिपाथ; ‘मल्टिपाथ -एलएल’ दिवसा चारही पाथ ‘अ‍ॅक्टिव्ह रेडी’ दाखवत होतं. सिस्टिम लॉग मात्र वेगळं सांगत होता. दोन्ही नोडवर फॅब्रिक ए मधून पहिल्या कंट्रोलरला जाणारा पाथ ‘फेल्ड’ व्हायचा आणि काही सेकंदांत ‘रीइन्स्टेटेड’. रात्रभर हेच. कारण पाथ जिवंत आहे का ते बघायला मल्टिपाथ ‘टेस्ट युनिट रेडी’ ही कमांड पाठवतं. तिच्यात डेटा नसतो, जेमतेम काही बाइटच्या फ्रेम येतात-जातात, आणि त्या खराब लिंकवरूनही बहुतेक वेळा सुखरूप पोचतात. बॅकअपच्या फ्रेममध्ये २,११२ बाइटपर्यंत डेटा असतो. फ्रेम जितकी लांब, तितकी ती बिघडण्याची शक्यता जास्त. चाचणीत पास आणि कामात नापास असा हा पाथ. पूर्ण मेला असता तर मल्टिपाथने तो बाजूला काढला असता आणि क्लस्टरला झळही लागली नसती.

नोड का पडत होता, ते आकड्यांतून उलगडतं. साधारणपणे स्टोरेज फायबर चॅनलचा क्लास ३ वापरतं. हरवलेली फ्रेम त्यात पुन्हा पाठवली जात नाही. रीडच्या डेटाची एखादी फ्रेम हरवली तर एचबीएला (सर्व्हरमधल्या फायबर चॅनल कार्डाला) बाइट कमी भरतात, तो लगेच एरर देतो आणि कमांड पुन्हा जाते. पण कमांड पूर्ण झाल्याचा निरोप किंवा राइटआधीचा ‘ट्रान्सफर रेडी’ हरवला, तर लिनक्स डीफॉल्टने ३० सेकंद वाट बघत बसतं. पेसमेकरच्या मॉनिटरचा, म्हणजे रिसोर्स (इथे डेटाबेस आणि त्याची डिस्क) ठीक आहे का ते बघणाऱ्या तपासणीचा, डीफॉल्ट टाइमआउट २० सेकंद. मॉनिटर फेल, म्हणून रिसोर्स थांबवायचा हुकूम; डिस्कच्या अडकलेल्या लिहिण्या-वाचण्यामुळे अनमाउंट होत नाही, म्हणून ‘स्टॉप’ही फेल; आणि ‘स्टॉप’ फेल झाला की क्लस्टर त्या नोडला फेन्स करतं, म्हणजे जबरदस्तीने रीबूट करतं. डेटा वाचवायचा तर त्याला दुसरा मार्गच नाही.

मग स्विचवर ‘पोर्टएररशो’, पोर्टनिहाय एरर दाखवणारी कमांड. त्यातला ‘सीआरसी जी-ईओएफ’ (पडताळणीत चुकलेल्या, पण शेवटची खूण चांगली असलेल्या फ्रेम) हा कॉलम मी सगळ्यांत आधी बघतो. ब्रोकेड स्विचला खराब फ्रेम मिळाली की तो तिच्या शेवटावर ‘अवैध’ अशी खूण करून ती पुढे सोडतो. म्हणून पुढच्या पोर्टवर नुसता सीआरसी एरर वाढतो. फ्रेम खराब पण शेवटची खूण अजून चांगली, याचा अर्थ ती याच लिंकवर बिघडली. हा आकडा एकाच पोर्टवर चढत होता: पहिल्या कंट्रोलरसमोरच्या.

कनेक्टर स्कोपखाली बघितले, क्लीनरने पुसले. फरक नाही. एसएफपी म्हणजे केबल जिथे खोचतात ते प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल. ‘एसएफपीशो’मध्ये येणाऱ्या प्रकाशाची पातळी उत्तम होती, आणि इथेच बरेच जण एसएफपी बदलायला घेतात. आम्ही केबलचा मार्ग हाताने धरत पॅच पॅनलपर्यंत गेलो. तीन पोर्ट नव्या निळसर ओएम३ केबलवर होते (ओएम हा मल्टिमोड केबलचा दर्जा). चौथा पॅनलमागून जुन्या नारिंगी केबलवर, आवरणावर ५०/१२५ छापलेलं, म्हणजे ओएम२, लांबी चाळीस मीटरच्या पुढे. आधीचं स्टोरेज ८जी (सेकंदाला ८ गिगाबिट) होतं, ज्याला ओएम२ वर ५० मीटर चालतात. नवं १६जी, त्याची मर्यादा ३५ मीटर. प्रकाश पुरेसा पोचतो, पण मल्टिमोड केबलमध्ये त्याची स्पंदनं वाटेत पसरून एकमेकांत मिसळतात. पॉवर मोजून हा दोष दिसत नाही.

खात्रीसाठी ‘पोर्टसीएफजीस्पीड’ने तो पोर्ट ८जी वर बांधला, काउंटर पुसले आणि लनवर सलग मोठे रीड चालवले. आकडा हलला नाही. १६जी वर सोडला, पुन्हा चढू लागला.

केबल उपसण्याआधी दोन्ही नोडवर प्रत्येक लनचे बाकीचे तीन पाथ धड आहेत ना, ते पाहिलं, मगच ‘पोर्टडिसेबल’ दिलं. चालू पोर्टची केबल ओढणं मला मान्य नाही. फॅब्रिक बी मध्ये काही बिघाड दडलेला असेल, तर तो त्याच क्षणी अंगावर येतो. ओएम३ केबल टाकली (१६जी ला १०० मीटरपर्यंत चालते), काउंटर पुसले, पोर्ट उघडला आणि तोच रीडचा भार पुन्हा दिला.

शिवाय दोन बदल केले. मॉनिटर आणि स्टॉपचे टाइमआउट डिस्कच्या ३० सेकंदांपेक्षा बरेच वर नेले. आणि मल्टिपाथच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘मार्जिनल पाथ’ची चारही मूल्यं भरली, एखादं राहिलं तर ती सोय चालूच होत नाही. नमुना घेण्याचा काळ १२० सेकंदांखाली ठेवायचा नाही. आता वारंवार पडून उठणारा पाथ तपासणीत पास झाला, तरी एररचं प्रमाण उतरेपर्यंत बाजूलाच राहतो.